दुकान कुणीतरी सांभाळायला हवं

१९५९ साली दिल्लीत माहिती आणि प्रसारण मंत्रालयात काम करणाऱ्या एका तरुण तांत्रिक सहायकानं नोकरीचा राजीनामा दिला. वय चौतीस. मूळ गाव धुळ्याजवळचं गोंदूर, घरात पिढीजात सुतारकाम. खेड्यातल्या कारागिराचा मुलगा शिकतो काय आणि दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत लागतो काय, त्या काळी ही साऱ्या गावानं अभिमानानं सांगावी अशी गोष्ट होती. ती नोकरी त्यानं सोडली, कारण त्याला पूर्ण वेळ मूर्ती घडवायच्या होत्या. पुढं चंबळ नदीवरच्या गांधीसागर धरणापाशी ४५ फूट उंचीचं चंबळदेवीचं शिल्प उभं राहिलं आणि देशाला राम सुतार हे नाव कळलं. २०१८ मध्ये गुजरातेत सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला, तोही याच माणसानं घडवलेला.

हा राजीनामा भावनेच्या भरात दिलेला नव्हता, हे आधी सांगायला हवं. गोंदूरच्या या मुलाच्या हातातली कला एका शिक्षकानं हेरली होती आणि त्याला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली होती. तिथं त्यानं मेयो सुवर्णपदक मिळवलं. १९५४ ते १९५८ अशी चार वर्षं पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या शिल्पांची डागडुजी केली. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांच्या छिन्नीचे घाव चार वर्षं जवळून पाहिलेला माणूस दिल्लीतल्या टेबलाशी किती दिवस रमणार होता?

अशीच एक खुर्ची, साधारण त्याच सुमारास, जळगाव जिल्ह्यातल्या एका तरुणानं नाकारली. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन मुंबईत वाणिज्य आणि कायद्याचे पदवीधर झाले, राज्याच्या लोकसेवा परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि राजपत्रित अधिकाऱ्याचं पद समोर आलं. सल्ला विचारला तो आईला. गौराबाईंनी सांगितलं ते असं, की नोकरीपेक्षा शेतीशी जोडलेलं, चार लोकांच्या उपयोगी पडेल असं काही कर. १९६३ मध्ये घराची साठवलेली सात हजार रुपयांची पुंजी घेऊन वकिलीची पदवी असलेला हा मुलगा जळगावात हातगाडीवरून रॉकेल विकू लागला. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा एक जुना कारखाना लिलावात ३० लाखांना घेतला आणि तिथं पपईच्या चिकापासून पपेन बनवायला सुरुवात केली. मग पीव्हीसी पाइप आले, मग ठिबक सिंचन. रावेर-यावलच्या केळीबागांत आज ठिबकच्या नळ्या नसलेलं शेत शोधावं लागेल, यामागं आईच्या त्या सल्ल्याचाही वाटा आहे.

सुतार आणि जैन यांनी जे सोडलं, नेमकं तेच आज धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या हजारो घरांचं एकमेव ध्येय झालं आहे. लग्नाच्या मांडवात, बाजारात, एसटीत भेटणारा पहिला प्रश्न असतो, ‘तुना पोऱ्या काय करस?’ ‘एमपीएससीची तयारी करतो’ किंवा ‘नीट रिपीट करतेय’ असं उत्तर आलं की समोरच्याचं समाधान होतं. ‘चित्रं काढतो’, ‘नाटक करतो’, ‘किडे-पाखरांचा अभ्यास करायचा म्हणते’ असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘ते ठीक आहे, पण पुढं काय?’

या हट्टामागं मूर्खपणा नाही, भीती आहे, आणि ती खरी आहे. कोरडवाहू कपाशी ज्यानं तीस वर्षं काढली, बोंडअळीनं उभं पीक गेलेलं ज्यानं पाहिलं, वादळात एका रात्रीत केळीची बाग आडवी झालेली पाहिली, त्याला दर महिन्याच्या ठरलेल्या पगाराची किंमत कुणी शिकवायची गरज नाही. सरकारी नोकरी म्हणजे सोसायटीचं कर्ज फिटणं, आजारपणाला पैसा असणं, गावात वाकून बोलावं न लागणं. त्यातही ज्या घरातली पहिलीच पिढी शिकते आहे, त्या घरासाठी साहेब होणं ही फक्त पगाराची गोष्ट नसते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या कचेरीच्या दारात उभं राहावं लागलं, त्या कचेरीत आत बसण्याची ती गोष्ट असते. शहरातल्या सुखवस्तू माणसानं या स्वप्नाला नावं ठेवू नयेत.

आकड्यांकडे मात्र डोळे उघडून पाहायला हवं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९ लाख ९२ हजारांहून अधिक अर्ज आले आणि शेवटी निवड झाली १,००९ जणांची. त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी सुमारे २४ लाख मुलांनी नावं नोंदवली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा होत्या सव्वा लाखाच्याही आत. उरलेल्या मुलांचं काय होतं, हे पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या आणि धुळ्या-जळगावच्या अभ्यासिकांना ठाऊक आहे. राज्यसेवा परीक्षेला खुल्या गटासाठी वयाची मर्यादा ३८ आहे, मागास प्रवर्गांसाठी ४३. ही खरं तर सवलत. पण घरात तिचा अर्थ असा होतो, की मुलगा अडतिसाव्या वर्षापर्यंत ‘अजून एक प्रयत्न’ करू शकतो आणि म्हणून त्यानं तो केलाच पाहिजे.

खान्देशातला बाप मुलांसाठी पैसा सोडत नाही, हा आरोप खोटा आहे. तो एकरभर जमीन काढतो, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवतो, कोटा-लातूर-पुण्याच्या क्लासची फी भरतो, पाच-पाच, सात-सात वर्षं खोलीभाडं पाठवतो. एवढी सोशिकता जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. दुःख याचं वाटतं, की ही सोशिकता एकाच वाटेपुरती राखून ठेवलेली आहे. स्पर्धा परीक्षेसाठी सहा वर्षं देणारं घर, मुलानं सुतारकामाचा कारखाना काढतो म्हटलं तर सहा महिनेही देत नाही. परीक्षेत चारदा नापास झालेला मुलगा ‘तयारी करतोय’; धंद्यात एकदा ठेच लागलेला मुलगा ‘वाया गेला’. अपयश दोन्हीकडे आहे, मग क्षमा एकाच बाजूला का?

इथं चाळीसगावच्या केकी मूस यांची गोष्ट सांगायला हवी. या दोन जिल्ह्यांत या विषयाला एवढा धरून असलेला दुसरा माणूस नाही.

कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म १९१२ चा, मुंबईतल्या मलबार हिलवरचा. पारशी कुटुंब चाळीसगावला स्थायिक झालं. सोडावॉटरचा कारखाना आणि दारूचं दुकान असा घरचा व्यवसाय होता, रेल्वेच्या जंक्शनवर तो बऱ्यापैकी चालत होता. एकुलत्या एका मुलानं हे सगळं पुढं चालवावं, अशी वडिलांची इच्छा. यात गैर काहीच नव्हतं, कुठल्याही बापाची असते तशी ती इच्छा होती. मुलाला मात्र चित्रकार व्हायचं होतं. बापलेकांचा हा पेच सुटण्याआधीच वडील वारले. रीतीप्रमाणे आता मुलानं दुकानावर बसायचं होतं. पण दुकानावर बसली ती आई. पिरोजाबाईंनी धंदा हाती घेतला आणि मुलाला कला शिकायला इंग्लंडला पाठवलं.

१९३० च्या दशकातला हा निर्णय आहे. नवरा नुकताच गेलेली बाई, मुंबईपासून दूरचं लहान गाव, आणि हाताशी आलेला मुलगा ती समुद्रापार पाठवते, तेही बॅरिस्टर किंवा डॉक्टर व्हायला नव्हे, तर चित्रकला शिकायला. शेफील्डच्या बेनेट कॉलेजात मूस यांनी व्यावसायिक कलेची पदविका घेतली, छायाचित्रणाचा अभ्यास केला, अनेक देश पाहिले आणि ते परत आले ते चाळीसगावलाच. रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात त्यांनी पुढची पन्नासएक वर्षं काढली. घराबाहेर ते पडले ते हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्याच वेळा. त्यातली एक वेळ विनोबा भाव्यांचं छायाचित्र काढण्यासाठीची. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, उजेडाचा खेळ करून, बघणाऱ्याला डोंगर, वाळवंट, बर्फाळ प्रदेश यांचा भास व्हावा अशी छायाचित्रं काढण्यात, म्हणजे टेबलटॉप प्रकारात, त्यांची बरोबरी करणारे थोडेच झाले. देशोदेशीच्या स्पर्धांत त्यांना शेकडो पारितोषिकं मिळाली. शिल्पं, लाकडातली कामं, कागद कापून केलेली चित्रं, सतार, सगळं त्याच भिंतींच्या आत. ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचं निधन झालं. ते घर आज त्यांच्या कलेचं संग्रहालय आहे आणि चाळीसगावात उतरणाऱ्यानं ते पाहायलाच हवं.

मूस यांनी लग्न केलं नाही. कलेवर इस्टेट उभी केली नाही. गाडी, बंगला, पद, यांतलं काहीच नाही. आजच्या मोजमापानं हा मुलगा ‘सेटल’ झालाच नाही. म्हणूनच सुतार आणि जैन यांच्यापेक्षा त्यांचं उदाहरण जास्त मोलाचं आहे. १८२ मीटरचा पुतळा किंवा हजारो माणसांचा कारखाना दाखवून ‘बघा, मन मारलं नाही म्हणून एवढं मिळालं’ असं सांगणं सोपं आहे. ते सांगणं अर्धवटही आहे, कारण राजीनामा देणारा प्रत्येक जण राम सुतार होत नाही. स्वतःची वाट धरणाऱ्यांतले बहुतेक जण साधेच राहतात, काही तर हरतात. त्यांनाही ती वाट धरण्याचा हक्क होता की नाही, हा खरा प्रश्न आहे. मूस यांच्या घरात शिरल्यावर त्याचं उत्तर मिळतं.

आणि आणखी एक गोष्ट दिसते. स्वतःचं स्वप्न हा एकट्याचा पराक्रम नसतो. भाषणांतून आणि भिंतीवरच्या सुविचारांतून सांगितलं जातं, की जग काहीही म्हणो, तू तुझ्या वाटेनं जा. जग काहीही म्हणालं तरी चालतं. पण घरातलं कुणीतरी पाठीशी असावं लागतं. मूस यांच्या मागं दुकान सांभाळणारी आई होती. भवरलालजींच्या हाती घराण्याची पुंजी होती आणि ती लावायला हो म्हणणारी माणसं होती. राम सुतारांना वाट दाखवणारा शाळामास्तर होता. ज्या मुलाच्या मागं असं कुणीच नाही, त्याला धाडस करायला सांगणं हे क्रूरपणाचं आहे.

साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड यांच्या आयुष्यात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. भिल्ल समाजातलं कुटुंब, वडील मुलाच्या जन्माआधीच गेलेले. आई कमलाबाई दारू गाळून, विकून घर चालवायच्या. मुलगा नवोदय विद्यालयात शिकला, मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाला. सामोड्याच्या झोपडीतून डॉक्टर, इथंच कुठल्याही घराचं स्वप्न पुरं झालं असतं. पण डॉक्टरी हा त्यांचा शेवटचा मुक्काम नव्हता. २०१३ च्या तुकडीतून ते भारतीय प्रशासकीय सेवेत गेले आणि पुढं शेजारच्याच नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. कलेक्टर म्हणजे काय हे गावात अनेकांना ठाऊक नव्हतं, काहींनी तर मुलगा कंडक्टर झाला असं समजून अभिनंदन केलं, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘मी एक स्वप्न पाहिलं’. त्यात ‘मी’ हा शब्द आहे, आणि तो खरा आहे, कारण ते स्वप्न त्यांच्यावर कुणी लादलेलं नव्हतं. म्हणजे आयएएस होणं हेदेखील स्वतःचं स्वप्न असू शकतं. परीक्षेला बसणाऱ्या दहा लाखांत अशी मुलं नक्कीच आहेत, आणि त्यांनी जिवाचं रान करावं. प्रश्न उरलेल्यांचा आहे, ज्यांना या वाटेवर कधी यायचंच नव्हतं.

उलट्या दिशेनं चालणारेही असतात. कवी ना. धों. महानोर जळगावला कॉलेजात शिकायला आले आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून पळासखेड्याला, शेतात परतले. शेतकऱ्याच्या मुलानं शिकून शेतीतून सुटावं, असं सगळा काळ सांगत असताना त्यांनी शेतीच निवडली आणि १९६७ मध्ये ‘रानातल्या कविता’ हा संग्रह मराठीला मिळाला. अमळनेरला तर आणखी निराळं उदाहरण आहे. १९६६ मध्ये वडील गेल्यावर २१ वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून परतले आणि अमळनेरात वनस्पती तूप बनवणारी वडिलांची कंपनी त्यांनी हाती घेतली. हे वडिलांचं स्वप्न, मुलाच्या खांद्यावर आलेलं. पण पुढं त्यांनी ती कंपनी संगणकाच्या क्षेत्रात नेली आणि विप्रो हे नाव जगाला कळलं. वारसा नाकारलाच पाहिजे असं नाही. वारशात आपली दिशा घालायची मोकळीक मात्र असायला हवी.

मुलींच्या बाबतीत हा सगळा हिशेब आणखी कडक होतो. मुलाला अडतिसाव्या वर्षापर्यंत मुदत मिळते, मुलीला बहुतेक घरांत तेविसाव्या-चोविसाव्या वर्षापर्यंत. त्यानंतर तिचं स्वप्न सासरच्या मर्जीवर. खान्देशचा इतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो. बोदवडजवळच्या नाडगावात जन्मलेल्या आणि जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभा पाटील १९६२ मध्ये जळगावातून विधानसभेवर निवडून आल्या तेव्हा २७ वर्षांच्या होत्या आणि अविवाहित होत्या. लग्न झालं ते तीन वर्षांनी, १९६५ मध्ये. साठ वर्षांपूर्वी जळगावच्या मतदारानं एका अविवाहित तरुण वकील मुलीवर एवढा विश्वास टाकला. आज त्याच जिल्ह्यात पंचविशीच्या मुलीला नोकरीसाठी पुण्याला एकटी पाठवायची की नाही, यावर घरं अडून बसतात.

बहिणाबाई चौधरींना तर स्वप्न पाहायची सवडच कुणी दिली नव्हती. आसोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही, तरुण वयात वैधव्य. शेतात, जात्यावर त्या गात राहिल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि मुलगा सोपानदेवांनी जपलेली गाणी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आली. आज धुळे, जळगाव, नंदुरबारच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. या विद्यापीठाच्या पदव्या घेऊन दरवर्षी हजारो मुलं-मुली बाहेर पडतात. त्यांतल्या कितींना घरात कुणी एकदा तरी विचारलं असेल, की तुला स्वतःला काय करावंसं वाटतं?

हा प्रश्न विचारला की लगेच एक शंका पुढं येते. मुलांना कुठं कळतं? आज क्रिकेट, उद्या यूट्यूब, परवा आणखी काही. शंका रास्त आहे. प्रत्येक लहरीमागं घर गहाण टाकावं, असं कुणीच म्हणत नाही. पण लहर आणि ओढ यांत फरक करता येतो, आणि तो करायला वेळ द्यावा लागतो. राम सुतारांनी राजीनामा देण्याआधी जे. जे.ची आणि अजिंठा-वेरूळची वर्षं घातली होती. मूस शिकून आले होते. ओढ असलेला मुलगा कुणी न सांगता काम करतो, रोज करतो, फुकट करतो. घरातल्या माणसांना हे दिसत नाही असं नाही. पाहायचं की नाही, एवढंच त्यांनी ठरवायचं असतं. शिक्षकांचीही यात मोठी जबाबदारी आहे. गोंदूरच्या मुलाचा हात शाळेनं ओळखला होता. आज शाळांच्या फलकांवर नीट आणि जेईईतल्या यशस्वी मुलांचे फोटो लागतात. मातीचं काम करणाऱ्या, यंत्र उघडून दुरुस्त करणाऱ्या, उत्तम गाणाऱ्या मुलाचा फोटो त्याशेजारी लावायला कुणी मनाई केलेली नाही.

खर्चाचा मुद्दाही खोटा आहे. पुण्यात सहा वर्षं राहून तयारी करण्यात जो पैसा जातो, त्यात धुळ्याला छोटं वर्कशॉप निघतं, चाळीसगावला स्टुडिओ निघतो, यावलला केळीवर प्रक्रिया करणारा लहान उद्योग उभा राहू शकतो. पैसा तोच, वर्षं तीच. फक्त ती मुलाच्या मर्जीनं खर्च व्हायला हवीत.

म्हणून धुळे-जळगावच्या आईवडिलांना एकच विनंती. निकाल लागतील, क्लासवाले दारात येतील, नातेवाईक सल्ले देतील. फी भरण्याआधी मुलासमोर, मुलीसमोर बसा आणि सांगा, की परीक्षेसाठी जेवढी वर्षं आणि जेवढे पैसे आम्ही देणार होतो, तेवढेच तुझ्या पसंतीच्या कामासाठीही देऊ. परीक्षा तुझीच पसंती असेल तर परीक्षेसाठी घे, नसेल तर दुसऱ्या कामासाठी घे. आणि हे मुलाला जेवढं सांगाल, तेवढंच मुलीलाही सांगा.